एनफिल्डच्या नावाखाली पाइप

जुनी ठासणीची बंदूक घ्यायला जाल तेव्हा दस्ता, पितळी काम, मुकुटाचा शिक्का हे सगळं नंतर बघा. आधी नळी. विकणारा नळी सोडून बाकी सगळं कौतुकाने दाखवतो, आणि ते बऱ्याचदा खरंही असतं.

जुन्या नाशकातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने मला '१८५७ ची एनफिल्ड रायफल' म्हणून एक बंदूक पंचेचाळीस हजारांना विकली. घोडा, चाप जुनाच. घोड्याजवळच्या पट्टीवर मुकुट, 'टॉवर' ही अक्षरं (लंडनच्या सरकारी शस्त्रागाराची खूण), साल, सगळं जागच्या जागी. तोंडाशी बोट घातलं की गोळीला फिरकी देणारे तीन चर लागत. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्डला तीनच चर असतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ज्या काडतुसांवरून बंड पेटलं ती हिचीच, हे तर तो येता-जाता ऐकवायचा.

बिंग फुटलं ते सातपूरला. एमआयडीसीत लेथ चालवणाऱ्या मित्राने आधी गज आत सोडला, तोंडाशी खूण केली आणि बाहेर काढून नळीला लावून पाहिला. गज निपलपर्यंत, म्हणजे मागे टोपी बसते त्या बोंडापर्यंत, पोचला तर नळी रिकामी, तोकडा पडला तर आत काहीतरी ठासलेलं आहे. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते, म्हणून हे सगळ्यात आधी. नळी रिकामी निघाली. मग गजाला चिंधी घट्ट गुंडाळून त्याने ती सावकाश आत ढकलली. या एनफिल्डची नळी ३९ इंची, आणि चर ७८ इंचांत एक वेढा घेतात. म्हणजे चिंधी तळाला जाईतो गजाने हातात अर्धा फेरा घ्यायला हवा. आमचा गज सुरुवातीला जरासा वळला आणि मग सरळ आत गेला. चर कोरले होते ते फक्त तोंडाशी!

ठासणीची नळी मागून बंद असते, आरपार दिसत नाही. दोऱ्याला बारका एलईडी बांधून आत सोडला तर तळापर्यंत एक सरळ, किंचित उचललेली रेघ. मित्र हसायलाच लागला. "भाऊ, ही नळी नाही, पाइप आहे. वेल्डिंगची शिवण आहे ती." व्हर्निअर लावला. आतला व्यास १६ मिलिमीटरच्या वर. एनफिल्डचा असतो ०.५७७ इंच, म्हणजे साधारण १४.७ मिलिमीटर. असल्या पाइपात हौसेने कुणी दारू ठासली असती तर बोटं जागेवर राहिली नसती.

व्यापारी मात्र मुरलेला. "साहेब, बंडानंतर इंग्रजांनी देशी शिपायांना बिनचराच्या, मोठ्या तोंडाच्या बंदुका दिल्या. ही त्यातली." हे खरं आहे. १८५८ च्या नमुन्याची तशी बंदूक होती, ०.६५६ इंचांची. पण मग तोंडाशी चर कशाला कोरलेत, असं विचारल्यावर त्याने चहा मागवला.

"जुनी वस्तू आहे, लायसन लागत नाही," हेही त्याचंच. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा निकामी हत्याराला आहे. नुसतं जुनं असून भागत नाही. शिवाय शंभर वर्षांपलीकडच्या वस्तू विकायचा धंदा करणाऱ्याकडे १९७२ च्या कायद्याखाली पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. तो दाखवा म्हणावं, आणि चेहरा बघावा.

वकिलाच्या सल्ल्याने बंदूक लेखी अर्जासह पोलीस ठाण्यात जमा केली, फसवणुकीची तक्रारही दिली. अंमलदारांनी व्यापाऱ्याने दिलेली पावती उलटसुलट करून पाहिली. 'जुनी शोभेची वस्तू, एक नग.' नळीची लांबी, व्यास, चर, शिक्के, एनफिल्ड हे नाव, यातलं त्यावर काही नाही. तुम्ही हे सगळं पावतीवर लिहून घ्या, आणि लिहायला का-कू करत असेल तर पैसे खिशातच ठेवा. माझी तक्रार सध्या त्या एका ओळीवर अडली आहे.