परतावा आला, पण कोणाच्या खात्यातून?

१५,००,००० रुपये दिले. त्यातले १,०३,५०० परतावा म्हणून हातात आले, १३,९६,५०० बुडाले. आकडे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं लिहिताना लाजेने हात थांबतो.

स्कीम तुम्हाला ठाऊकच आहे. बिल्डरला बँकेऐवजी ओळखीतल्या लोकांचे पैसे हवे असतात, महिन्याला दीड टक्का, दोन वर्षांनी मुद्दल, वर नोटरी केलेला करार. मी आंधळेपणाने गेलो नव्हतो. प्रकल्पाचा रेरा क्रमांक, म्हणजे गृहप्रकल्पांच्या कायद्याखालचा नोंदणी क्रमांक, तपासला, खरा निघाला. सातबारा पाहिला. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकताना स्वतः साइटवर उभा होतो. पण ही सगळी फ्लॅट घेणाऱ्याची तपासणी झाली. पैसे लावणाऱ्याने आधी कोणाचा बोजा आहे ते बघायचं असतं. कंपनीवरचे चार्ज, म्हणजे मालमत्ता तारण ठेवून घेतलेल्या कर्जांच्या नोंदी, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतात. मी ते उघडले पैसे थांबल्यावर. एका वित्तसंस्थेचं कर्ज त्याच जमिनीवर आधीपासून होतं.

विश्वास कसा बसला, तर बिल्डरने पैसे नाकारले म्हणून. मी दहा लाख देतो म्हणालो होतो. "घाई नको साहेब, तीन लाख ठेवा, तीन महिने अनुभव घ्या." पैसे नको म्हणणाऱ्यावर कोण संशय घेणार? दर ५ तारखेला ४,५०० रुपये, तीनदा, न चुकता. मग मी वडिलांच्या मुदत ठेवी मोडून आणखी १२,००,००० दिले. त्यातले १,५०,००० रोख, विनापावती, कारण "मंजुरीच्या कामाला रोख लागते". वीस हजार किंवा त्याहून मोठी रक्कम कर्ज वा ठेव म्हणून रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. रोख मागितली की तिथेच उठा.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप लागत नाही. पंधरा लाखांवरच्या व्याजाचा, २२,५०० चा दुसरा हप्ता जमा झाला, तो कंपनीच्या खात्यातून नाही, एका बाईंच्या वैयक्तिक खात्यातून. नाव ओळखीचं होतं. दोनच आठवड्यांपूर्वी त्याच्या ऑफिसात आमची ओळख करून दिली होती, "या आपल्या नव्या गुंतवणूकदार." मी बिल्डरला फोन केला. "ताईंकडून येणं होतं, परस्पर तुमच्याकडे वळवलं, अकाउंट्सचा विषय आहे." आणि मी 'बरं' म्हणालो! आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिणारा माणूस मी. नव्या माणसाचं मुद्दल माझं व्याज म्हणून समोर छापून आलं होतं आणि मला ते वाचता आलं नाही. खरं सांगायचं तर वाचायचं नव्हतं, कारण बारा लाख तोवर देऊन झाले होते. त्याच महिन्यात माझ्या शब्दावर मेहुण्याने ५,००,००० लावले. त्याच्याशी नजर मिळवता येत नाही.

आणखी दोन हप्ते आले आणि बंद. मग त्याने ३,००,००० चा चेक दिला आणि "आज टाकू नका, सोमवारी टाका" करत झुलवलं. चेकची मुदत तीन महिन्यांची. ती उलटली, तो कागद झाला. दुसरा चेक मी विचारलंच नाही, सरळ बँकेत टाकला. परत आला. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस जावी लागते. ती गेली आहे.

पोलीस ठाण्यात दोन महिन्यांत सात खेपा घातल्या. पहिल्यांदा "दिवाणी बाब आहे, वकील गाठा." नंतर साहेब बंदोबस्ताला. नंतर "रोख दिल्याचा पुरावा काय?" आणि एकदा, बाकावरच्या सगळ्यांसमोर, "व्याज खाताना गोड लागलं ना?" आर्थिक गुन्ह्यांच्या शाखेत गेलो तर रक्कम लहान आहे, ठाण्यातच जा. वकील म्हणाले, ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचं रेराचं बंधन फ्लॅटधारकांसाठी. तुमच्याकडे विक्री करार कुठे आहे? अहो, मग माझ्यासारख्यासाठी काहीच नाही का? आहे! ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा कायदा आहे. दोन्ही छापून नेले. अधिकाऱ्याने न वाचता गठ्ठा बाजूला सरकवला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. कायदे कोणासाठी केलेत मग?

तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. मला हे पाचव्या खेपेला कळलं.

शेवटी त्या ताईंना शोधून काढलं. त्यांचे ८,००,००० अडकलेत. ते २२,५०० त्यांच्याकडून "सिमेंटवाल्याचं खातं" सांगून पाठवून घेतले होते, खातं माझं. आम्ही दोघं आपापलं बँक स्टेटमेंट घेऊन ठाण्यात गेलो, तीच एक नोंद दोन्हीकडे लाल शाईने खुणावून. अधिकाऱ्याने पहिल्यांदा कागद हातात घेऊन वाचला. गुन्हा अजून दाखल झालेला नाही.

बाहेर पडल्यावर ताईंनी शांतपणे विचारलं, "माझं नाव दिसलं होतं ना तुम्हाला, मग त्याच दिवशी मला एक फोन का नाही केलात?"