एक रुपयाची ट्रायल आणि पासबुकातली ४९९ची ओळ

छाटणी उरकली की द्राक्षबागायतदाराचं निम्मं लक्ष बागेत आणि निम्मं आभाळात असतं. अशा वेळी फोनवर 'तुमच्या गावात गारपिटीची शक्यता, पुढचा अंदाज फक्त १ रुपयात' असं आलं, तर बोट आपोआप पुढे जातं. नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे हवामान, शहरात कॉलेज रोडवर क्लास करणाऱ्या पोरांना टेस्ट सिरीज, सिडको-सातपूरमध्ये नोकरीच्या जाहिराती किंवा पत्रिका. आमिष माणूस पाहून बदलतं. पैसे कापायची रीत मात्र तीच.

तो १ रुपया कमाईसाठी नसतोच. तो तुमचा यूपीआय पिन टाकून घेण्यासाठी असतो. पिन टाकला की दोन गोष्टी मंजूर होतात: आत्ताचा १ रुपया, आणि पुढे आपोआप पैसे कापण्याची परवानगी, म्हणजे ऑटोपे मॅन्डेट. स्क्रीनवर ₹१ ठळक दिसतो आणि मॅन्डेटचा तपशील खाली बारीक अक्षरात राहतो. तिथे चार गोष्टी वाचायच्या. पैसे कुणाला जाणार ते नाव, कमाल रक्कम, किती दिवसांनी कापणार, आणि मुदत कधी संपणार. ट्रायल १ रुपयाची आणि कमाल रक्कम ९९९ असेल, तर खरा सौदा ९९९चा आहे. वारंवारतेच्या जागी 'अ‍ॅज प्रेझेंटेड' असेल, तर ठरलेली तारीखच नाही. समोरचा मागेल तेव्हा पैसे जातील. मुदतीची तारीख बघाल तर कित्येकदा वीस-तीस वर्षं पुढची असते. हवामानाच्या अंदाजाला एवढी मुदत कशाला लागते, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आठवड्याच्या हप्त्यावर विशेष लक्ष ठेवा. १९९ रुपये ऐकायला किरकोळ वाटतात, पण वर्षाचे ५२ आठवडे धरले की १०,३४८ होतात.

पुढच्या वेळी पिन का विचारला जात नाही, हा प्रश्न हमखास येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मॅन्डेट तयार करताना पिन किंवा ओटीपी लागतो. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते त्याशिवाय कापता येतात. जून २०२२ पासून ही मर्यादा आहे, आधी ती ५,००० होती. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना १ लाखापर्यंत मुभा आहे. लाइटबिल भरणाऱ्यांची सोय म्हणून हे ठीकच आहे, पण तीच वाट ठगांनाही मोकळी झाली. कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना देणं बंधनकारक आहे आणि ती येतेही. पण जाहिरातींच्या ढिगात पडते आणि कुणी उघडत नाही.

काही जण खात्यात पैसेच ठेवत नाहीत. हा उपाय नव्हे. यूपीआय ऑटोपेत पहिला प्रयत्न फसला तर आणखी तीन वेळा प्रयत्न करता येतो, आणि मॅन्डेट जिवंत असल्यामुळे पुढचा हप्ता पुन्हा दारात उभा. अ‍ॅप डिलीट करून तर काहीच होत नाही. भाडेकरूने घराची पाटी काढली म्हणून करार संपत नाही, तसंच हे. परवानगी बँकेकडे नोंदलेली असते, फोनमध्ये नाही.

तेव्हा रद्द कुठे करायचं? आधी मॅन्डेटचा स्क्रीनशॉट काढा, कारण रद्द झाल्यावर तो तपशील शोधावा लागतो. मग ज्या यूपीआय अ‍ॅपमधून पिन टाकला होता, तेच उघडा. फोनपे, गुगल पे, भीम, सगळीकडे प्रोफाइलमध्ये किंवा शोधपट्टीत 'ऑटोपे' सापडतं. चालू मॅन्डेटवर टॅप करून 'कॅन्सल' किंवा 'रिव्होक' निवडा, पिन टाका. 'पॉज' निवडू नका, तो काही काळापुरता थांबा असतो. घरात दोन-तीन यूपीआय अ‍ॅप्स असतील तर प्रत्येकात डोकवा. पासबुकातलं नाव अ‍ॅपच्या नावाशी जुळेलच असं नाही. तिथे कंपनीचं किंवा पेमेंट गेटवेचं नाव असू शकतं. रक्कम आणि तारीख लावून जुळवा.

सबस्क्रिप्शन प्ले स्टोअरमार्फत घेतलं असेल तर प्ले स्टोअरच्या प्रोफाइलमध्ये 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'. आयफोनवर सेटिंग्ज, सर्वात वरचं आपलं नाव, मग 'सबस्क्रिप्शन्स'. तिथे ट्रायल संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं. प्ले स्टोअरवर परतावा मागायचा तर पहिल्या ४८ तासांत मागा, नंतर विषय त्या अ‍ॅपवाल्याच्या मर्जीवर जातो. कार्डावरचा हप्ता बँकेच्या साइटवर ई-मॅन्डेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शनमध्ये थांबतो. नेटबँकिंगने दिलेला ई-नॅच (खात्यातून थेट हप्ता कापण्याची ऑनलाइन परवानगी) असेल तर बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मोबाइलच्या बॅलन्समधून पैसे जात असतील तर ती सेवा बंद करायला १५५२२३ वर फोन करा.

पैसे परत मिळवण्याचं काम जास्त किचकट आहे. तुमच्या नकळत झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवला आणि चूक तुमचीही नसेल, बँकेचीही नसेल, तर तुमच्यावर भार शून्य, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आहे. पण इथे पिन तुम्हीच टाकलेला असतो आणि बँक नेमकं तेच दाखवते. म्हणून फक्त बँकेच्या भरवशावर राहू नका. ग्राहक म्हणून भांडा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनच्या रचनेविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या १३ प्रकारांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' नावानिशी आहे: रद्द करणं अवघड करणं, रद्द करण्याचा पर्याय लपवणं, फुकट सेवेसाठी ऑटोपे लादणं. तक्रारीत हे नाव लिहा. कंपनीला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे नाही जमलं तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. बँकेने सूचनाच पाठवली नसेल किंवा रद्द केल्यावरही पैसे कापले असतील, तर मात्र बँक अडकते. लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

आता मोठा धोका. कापले गेलेले ४९९ परत मिळावेत म्हणून माणूस इंटरनेटवर कंपनीचा 'कस्टमर केअर' नंबर शोधतो आणि वर आलेल्या पहिल्याच नंबरवर फोन लावतो. तो नंबर भामट्याचा निघाला की खातं साफ व्हायला वेळ लागत नाही. कधी उलटं होतं: 'तुमचं अँटिव्हायरस ३४,९९९ रुपयांना रिन्यू झालं, रद्द करायला फोन करा' असा मेसेज येतो. पैसे गेलेले नसतात, खातं तपासलं तर लगेच कळतं. पलीकडचा माणूस स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप किंवा एखादी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकणारी फाइल) टाकायला लावतो आणि त्यातून ओटीपी वाचतो. परतावा घ्यायला पिन कधीच लागत नाही. नंबर अ‍ॅपच्या आतला किंवा कार्डाच्या मागचाच वापरा.

असं काही घडलं तर फोन एरोप्लेन मोडवर टाका आणि घरच्या दुसऱ्या फोनवरून आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक जवळ ठेवा. पैसे पुढच्या खात्यात थांबवता येतात ते पहिल्या काही तासांतच. मग बँकेकडून कार्ड आणि यूपीआय बंद करून घ्या. नाशिक शहरातल्यांना पोलीस आयुक्तालयाचं सायबर पोलीस ठाणं, तर निफाड, सिन्नर, येवला, मालेगावकडच्यांना ग्रामीण पोलिसांचं. हद्दीच्या घोळात दिवस घालवू नका. १९३० वरची नोंद कुठूनही होते आणि तिचा पावती क्रमांक पुढे सगळीकडे लागतो.