कागदाचे तुकडे करणारं मशीन, आठ महिन्यांच्या वापरानंतर

इचलकरंजीत कर सल्लागार म्हणून माझं हे बाविसावं वर्ष. माझ्या पार्ट्या, म्हणजे ग्राहक, बहुतेक यंत्रमागवाल्या. ऑफिसच्या माळ्यावर चौदा गोण्या साठल्या होत्या: आधार-पॅनच्या झेरॉक्स, बँकेचे उतारे, कामगारांच्या पगाराच्या याद्या. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेलं सगळं. एक दिवस एका पार्टीने शेंगदाण्याची रिकामी पुडी माझ्या टेबलावर उलगडून ठेवली. आमच्याच रद्दीतून गेलेलं कॉम्प्युटेशन, म्हणजे उत्पन्न आणि कराच्या हिशोबाचा कागद होता तो, दुसऱ्याच पार्टीचा. नाव, पॅन, उत्पन्न, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. ज्यांचा कागद होता त्यांच्या घरी जाऊन मी माफी मागितली आणि त्याच आठवड्यात श्रेडर घेतला.

लांब पट्ट्या कापणारं मशीन स्वस्त मिळतं, पण ते घेऊ नका. कागद आडवा गेला की एकेका पट्टीवर अख्खी ओळ शाबूत राहते. मी क्रॉस-कट, म्हणजे उभं-आडवं दोन्हीकडून कापणारं मशीन घेतलं, पी-४ दर्जाचं (हा दर्जा तुकडा किती बारीक होतो त्यावर ठरतो). त्याचा तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचा, म्हणजे ४ बाय ४० धरा. माझेच जुने दहा कागद घालून ढीग चाळून पाहिला, एकही पूर्ण पॅन नंबर हाती लागला नाही. या कामात मशीन चोख आहे.

बाकी तक्रारी आहेत. खोक्यावर एका वेळी बारा कागद लिहिलंय, आठच्या वर घातले की अडकतं. दहा मिनिटं चाललं की तापून बंद पडतं, मग अर्धा तास थांबा. डबा लहान. माळा रिकामा व्हायला पाच आठवडे लागले.

खरं तर त्यातला निम्मा वेळ काय फाडायचं हे ठरवण्यातच गेला. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०१७-१८ ची ती मुदत वाढत वाढत फेब्रुवारी २०२० वर गेली होती, त्यामुळे ‘सहा वर्षं झाली, फाडा’ असा सरसकट हिशोब चालत नाही. अपील चालू असेल तर निकालानंतरही एक वर्ष. प्रत्येक गोणीला मी तारखेची चिठ्ठी लावली. मूळ कागद पार्टीला परत दिले, फाडल्या त्या फक्त आमच्या जादा झेरॉक्स.

जिथे मशीनचा हात पोचत नाही, ती जागा स्कॅनची. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नुसत्या कागदाला लागू नाही, पण तोच कागद स्कॅन केला की लागू होतो. काम संपलं आणि दुसरा कुठला कायदा ठेवायला सांगत नसेल, तर ती माहिती पुसायची. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. आमच्या कॉम्प्युटरवर एकाच आधारच्या सहा-सहा प्रती निघाल्या: स्कॅनचा फोल्डर, व्हॉट्सअॅपचे डाउनलोड, पेन ड्राइव्ह. त्या मी आणि आमच्या ऑफिसमधल्या मुलाने बसून एकेक पुसल्या. आता जिथे चालतं तिथे मी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागते. फायलीत कमी आलं की फाडायलाही कमी.

घेणार असाल तर डबा मोठा बघा, आणि पिना काढायला एक माणूस सोबत बसवा.