तेलविहिरींजवळ घर घ्यायचं तर कोलोरॅडो की टेक्सस?

डेन्व्हरच्या उत्तरेला किंवा डॅलस-फोर्ट वर्थच्या बाजूला घर बघताय आणि नकाशात आजूबाजूला तेल-गॅसच्या विहिरी दिसतायत, तर शाळा, कम्यूट, प्रॉपर्टी टॅक्स याच्याबरोबर अजून एक गोष्ट बघा. या विहिरींच्या बाबतीत तिथल्या सिटीचं आणि काउंटीचं किती चालतं? दोन राज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी टेक्सस. डॅलसजवळच्या डेंटनमध्ये नोव्हेंबर २०१४ ला लोकांनी मतदान करून फ्रॅकिंगवर (खोल खडकात दाबाने पाणी सोडून तेल-गॅस काढण्यावर) बंदी आणली आणि सहा-सात महिन्यांतच, मे २०१५ मध्ये, राज्याने एचबी ४० नावाचा कायदा करून ती निकामी केली, शेवटी डेंटनला बंदी मागे घ्यावी लागली. आता सिटीच्या हातात जमिनीवरचंच काय ते उरलंय, म्हणजे आवाज, लाइट, ट्रकचं ट्रॅफिक, आगीची तयारी आणि घरापासूनचं अंतर, आणि तेही कंपनीला परवडेल इतपतच. फोर्ट वर्थचा नियम ६०० फुटांचा आहे आणि त्यातही सूट मिळू शकते. सिटीच्या हद्दीबाहेरचं सबडिव्हिजन असेल तर अजून अवघड, कारण तिथल्या काउंट्यांना झोनिंगचे अधिकार जवळपास नाहीतच, म्हणजे तक्रार घेऊन जायचं ते थेट राज्याच्या रेलरोड कमिशनकडे (नाव रेल्वेचं असलं तरी तेल-गॅस तेच बघतात).

कोलोरॅडोतही आधी असंच होतं, लाँगमाँटची फ्रॅकिंगबंदी २०१६ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने उडवून लावली होती. मग १७ एप्रिल २०१७ ला फायरस्टोनमध्ये एका घरात स्फोट झाला आणि दोन माणसं गेली. घर विहिरीपासून १७८ फुटांवर, विहीर आधीची आणि घर नंतर बांधलेलं. वापरात नसलेली एक इंची जुनी पाइपलाइन घराजवळ कापून टाकलेली होती पण दुसऱ्या टोकाला विहिरीला जोडलेलीच राहिली होती, तिच्यातून गॅस मातीतून झिरपत तळघरात पोचला. घरातल्यांना याची काहीच कल्पना नव्हती, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

२०१९ मध्ये एसबी १८१ कायदा आला, राज्याच्या तेल-गॅस कमिशनचं काम इंडस्ट्रीला उत्तेजन देण्यावरून लोकांच्या सुरक्षेवर आणलं गेलं, आणि विहीर कुठे होणार, इन्स्पेक्शन कसं, दंड किती, हे ठरवायचा आणि राज्यापेक्षा कडक नियम करायचा अधिकार सिटी-काउंटीला मिळाला. जानेवारी २०२१ पासून नवीन विहिरींना घरांपासून २००० फुटांचा नियम आहे, अपवाद आहेत पण ते मागावे लागतात. फक्त कोलोरॅडो म्हटलं की सगळीकडे सारखं असं समजू नका. बोल्डर काउंटी आणि ब्रूमफील्ड कडक आहेत, आणि वेल्ड काउंटी, जिथून राज्याचं बहुतेक तेल निघतं, तिथे हाच अधिकार वापरून इंडस्ट्रीला सोयीचं धोरण ठेवलंय.

आता क्लीनअप, म्हणजे विहीर सिमेंटने प्लग करणं आणि माती साफ करणं. इथे दोन्हीकडे मुख्य सूत्रं राज्याकडेच आहेत. टेक्ससमध्ये कंपनीचा बाँड (क्लीनअपच्या हमीसाठी राज्याकडे ठेवायची रक्कम) १० विहिरींपर्यंत २५,००० डॉलर, ९९ पर्यंत ५०,००० आणि त्याच्या पुढे अडीच लाख, आणि एकेक विहीर प्लग करायलाच हजारो डॉलर लागतात, त्यामुळे कंपनी बुडाली की विहीर बेवारस. पेकोस काउंटीत तर जुन्या विहिरींतून खारं पाणी येऊन लेक बोमर नावाचं तळंच झालंय आणि कमिशनचं म्हणणं की या पाण्याच्या विहिरी, आमच्या अखत्यारीत येत नाहीत. कोलोरॅडोने २०२२ मध्ये बाँडचे नियम कडक केले आणि बेवारस विहिरींसाठी कंपन्यांकडून दर विहिरीमागे वार्षिक फी सुरू केली, मला हे जास्त भरवशाचं वाटतं.

पण एक पळवाट लक्षात ठेवा, २००० फुटांचा नियम विहीर घराजवळ येऊ नये म्हणून आहे, जुन्या विहिरीजवळ नवीन घर बांधायला तो अडवत नाही, ते त्या गावाच्या नियमावर. म्हणून पुढच्या विहिरींची काळजी असेल तर ब्रूमफील्ड-बोल्डर, टेक्ससच घ्यायचं तर निदान सिटीच्या हद्दीत, आणि जुनी विहीर जवळ असेल तर कुठल्याही राज्यात स्वतः कागद काढा. दोन्ही राज्यांचे ऑनलाइन नकाशे फुकट आहेत, विहिरीवर क्लिक केलं की एपीआय नंबर, म्हणजे त्या विहिरीचा ओळख क्रमांक, मिळतो (कोलोरॅडोचा ०५ ने सुरू होतो, टेक्ससचा ४२ ने) आणि त्यावरून फाइल उघडते. टेक्ससमध्ये प्लगिंगचा डब्ल्यू-३ फॉर्म बघा, कोलोरॅडोत फॉर्म ६, आणि माती-पाण्याच्या सफाईचा फॉर्म २७. बिल्डरला लेखी विचारा की जुन्या पाइपलाइन काढल्यात की जमिनीतच सोडल्यात. आणि फॉर्म २७ अजून बंद झालेला नसेल तर सफाई संपलेली नाही, कितीही घाई केली तरी तोपर्यंत सही करू नका.