फेब्रुवारीत पंचगंगेला पूर आणणारा ड्रोनवाला

तालमीवर अर्ध्या तासाचा माहितीपट करायचा म्हणून मी वर्षभर पैसे साठवले होते. मुख्य माणूस एकच, आमच्या पेठेतले वस्ताद. वय ऐंशीच्या पुढं. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली तयार झालेल्या कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात पहिल्यांदा उतरताना पाय कसे लटपटले होते, हे मला त्यांच्याच तोंडून हवं होतं.

कॅमेरावाला ओळखीतून मिळाला. म्हणजे ओळखीच्याच्या ओळखीतून. रंकाळ्यावर भेळ खाता खाता त्यानं मोबाईलवर आपलं काम दाखवलं. ते कुणाचं होतं देव जाणे. तीन दिवस, दोन फोर-के (जास्त बारकावे टिपणारे) कॅमेरे, साउंडवाला आणि ड्रोन मिळून ९० हजार ठरले. ५० हजार ॲडव्हान्स दिला, तोही त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर. लिहून मागितलं तर म्हणाला, "सर, आपली कोल्हापूरची माणसं. विषयच नाही."

पहिल्या दिवशी पहाटे साडेचारला मी तालमीत हजर. पोरं आखाडा खणत होती, ताक-हळद-तेल मुरलेल्या लाल मातीचा वास सुटला होता. हे सगळं संपल्यावर साडेसहाला गडी उगवला, एकच कॅमेरा घेऊन. साउंडवाला म्हणे कागलपर्यंत आलाय. तीन दिवस तो कागलातच होता. वस्ताद दोन तास बोलले, कॉलरला माईक नाही, मागं पोरांच्या जोर-बैठकांचे हुंकार. तिथंच काम थांबवायला पाहिजे होतं. पण वस्तादांसमोर तमाशा नको म्हणून गप्प बसलो.

खरी चूक संध्याकाळची. तिन्ही दिवस मेमरी कार्ड त्याच्या खिशात गेली. "रात्री कॉपी करून देतो." कार्ड आपली, रोजची कॉपी आपल्या डिस्कवर, आणि फाईल उघडून बघितल्याशिवाय कॅमेरावाल्याला घरी सोडायचं नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! मग निरोप आला, उरलेले ४० हजार आधी, डिस्क नंतर. दिले. करतो काय, वस्ताद त्याच्या खिशात होते.

डिस्क लावली. वस्तादांचे दोन तास जेमतेम २२ जीबी. ठरलेल्या १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) दर्जाला तासाला ४५ जीबी व्हायला पाहिजेत. फाईलवर फोर-के लिहिलेलं, पण चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्यासारख्या. साधं चित्रण नंतर ताणून मोठं केलेलं, दुसरं काय.

मग ड्रोनची फाईल उघडली. पंचगंगा घाट, पाण्याखाली गेलेली देवळं, नुसते कळस वर. आमचं शूटिंग फेब्रुवारीतलं! फोन केला तर म्हणतो, "सर, नदी हाय, पाणी कमी-जास्त व्हायचंच." तो ड्रोन मी डोळ्यांनी बघितलाच नव्हता. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो. तेवढा मागितला असता तरी सोंग उघडं पडलं असतं.

त्यानंतर त्यानं मला ब्लॉक केलं. पोलीस ठाण्यात ऐकून घेतलं, देण्याघेण्याचा व्यवहार म्हणून परत पाठवलं. आता ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. पण लेखी करार नसल्यामुळं व्हॉट्सॲपच्या मेसेजवरच सगळी भिस्त.

गेल्या महिन्यात उसना रेकॉर्डर घेऊन परत वस्तादांकडं गेलो. कॉलरला माईक लावला, कार्ड माझ्या खिशात. दीड तास बोलले. खासबागेचं आलं, पण पाय लटपटल्याचं आलंच नाही. विचारलं तर म्हणाले, "ते मागच्या खेपंला सांगितलंय की रं."