रोलरवाली जुनी मेटॅग वॉशिंग मशीन: इंदुरात दुरुस्त करून वापरतेय, त्याचा रिव्ह्यू

ज्यांचं घर इंदुरात आहे, नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि कपडे पाच-सहा माणसांचे असतात त्यांनी हे नीट वाचा, कारण मी हे जुन्या वस्तूंची हौस म्हणून लिहीत नाहीये. मशीन दिसायला देखणी आहेच, चौकोनी अ‍ॅल्युमिनियमचा जाड टब, खाली चार पाय, वर डोक्यावर दोन रबरी रोलर, बघणारा थांबतोच, पण मला ती पाण्यासाठी आवडली. आपल्याकडे जलूदहून सत्तर किलोमीटर पंप करून डोंगर चढवून पाणी आणतात, आणि आपली टॉप लोड मशीन साबणाचं अर्धं स्वच्छ पाणी प्रत्येक वेळी गटारात सोडून पुन्हा नवीन भरते. ही मशीन तसं करत नाही, पाणी कधी सोडायचं ते आपण ठरवायचं.

ज्यांनी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टबच्या मध्यभागी एक पंख्यासारखा अ‍ॅजिटेटर, तो उलटसुलट अर्धा-अर्धा फिरतो आणि कपडे घुसळतो. टाइमर नाही, वॉश-स्पिन काही नाही, आमच्या मॉडेलला तर एक दांडा अ‍ॅजिटेटर चालू-बंद करायला आणि दुसरा रोलरसाठी, बस्स. कपडे धुवून झाले की एकेक उचलून दोन रोलरच्या मधून काढायचे, पाणी निथळून परत टबात जातं आणि कपडा पलीकडे चपटा होऊन बाहेर येतो. मेटॅग कंपनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात न्यूटन गावची, आधी शेतीची अवजारं करायची, १९०७ मध्ये पहिली वॉशिंग मशीन काढली. अ‍ॅजिटेटर टबच्या तळाला बसवायची युक्ती त्यांनी १९२२ मध्ये आणली, त्याआधी बऱ्याच मशिनींत घुसळणी झाकणाला लटकलेली असायची आणि कपडे ओढून फाटायचे. वीज नसलेल्या शेतांवर हीच मशीन पेट्रोलच्या छोट्या इंजिनवर चालायची, इंजिनाला पायाने किक मारायची. आणि ऑटोमॅटिक मशिनी येऊन कित्येक वर्षं झाली तरी ह्या रोलरवाल्या १९८३ पर्यंत बनत होत्या, म्हणजे लोक विकत घेत होते म्हणूनच ना.

आमची मिळाली ती रामबागेतल्या एका काकूंकडे. त्यांचे सासरे अमेरिकेत शिकायला होते, परतताना बोटीवर सामानात ही घेऊन आले. काकूंनी लग्नानंतर खूप वर्षं वापरली, मग रोलर गेले आणि मागच्या ओसरीत तिच्यात तांदूळ भरून ठेवायला लागल्या. घर बिल्डरला जाणार होतं, कबाडीवाला अ‍ॅल्युमिनियमच्या वजनाने भाव करून गेला होता, तेवढ्यात माझ्या आत्याने मला कळवलं. काकू पैसे घ्यायलाच तयार नव्हत्या, शेवटी ५ हजार त्यांच्या हातात बळेच ठेवले तेव्हा म्हणाल्या, "घे, पण हॉलमध्ये झाड लावून ठेवणार असशील तर नको गं, कपडे धू तिच्यात." लोडिंग रिक्षात आडवी न घालता उभी बांधून आणली, हे लक्षात ठेवा, आडवी केली तर गिअरबॉक्सचं तेल सगळीकडे पसरतं.

आता दुरुस्ती, आणि इथे मी सविस्तर लिहिते कारण मला ही माहिती एका जागी कुठेच मिळाली नाही.

सगळ्यात मोठा प्रश्न विजेचा. अमेरिकन मोटर ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपल्याकडे २३० आणि ५० हर्ट्झ. काकूंकडे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर होता, जड विटेएवढा, आणि लोकांना वाटतं ट्रान्सफॉर्मर लावला की झालं. नाही होत. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ तेच राहतात. ५० हर्ट्झवर ती मोटर जवळपास सहाव्या हिश्शाने हळू फिरते, मिनिटाला १७२५ फेऱ्यांची १४२५-१४४० होते, आणि पूर्ण ११५ व्होल्ट दिले तर जास्त तापते कारण लोखंडात चुंबकत्व गरजेपेक्षा जास्त भरतं. व्होल्ट ९५ च्या आसपास ठेवले तर तापणं कमी होतं पण ताकदही कमी. महाराणी रोडच्या वाइंडिंगवाल्या चाचांना दाखवली, त्यांनी मोटर हातात घेऊन फिरवली, कानाशी धरली आणि म्हणाले, "बेटा इसको आराम करने दो, देसी लगाओ." त्यांचंच ऐकलं. मूळ मोटर साफ करून कापडात गुंडाळून ठेवलीय, तिच्या जागी एक तृतीयांश हॉर्सपॉवरची आपली २३० व्होल्टची कपॅसिटर स्टार्ट मोटर बसवली, १४४० आरपीएमची. मग वेग कमी पडू नये म्हणून मोटरची पुली अडीच इंचाऐवजी तीन इंची केली, हिशोब सरळ आहे, १४४० ला सव्वा नाही, एक पूर्णांक दोनने गुणलं की १७२८ येतात, म्हणजे अ‍ॅजिटेटर मूळ वेगानेच चालतो. बेल्ट थोडा मोठा लागला तो सियागंजला सहज मिळाला. मोटरच्या खालची पट्टी वेल्डरकडून नवीन भोकं पाडून घेतली, मशीनच्या मूळ सांगाड्याला एकही भोक पाडलं नाही, उद्या कुणाला मूळ मोटर परत लावायची असेल तर लावता येईल.

वायरिंग पूर्ण नवीन. जुन्या वायरचं रबर हात लावला की भुगा होत होतं, आणि प्लग दोन पिनांचा, अर्थिंग नावालाही नाही. ओल्या फरशीवर उभं राहून धातूच्या टबाला हात लावायचा असतो हो ह्यात, म्हणून तीन पिनी प्लग, बॉडीला अर्थिंग आणि त्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ह्यात एक रुपया वाचवायचा नाही. कुणी विकणारा म्हणाला "चालू कंडिशन आहे, प्लग लावून दाखवतो" तरी आधी वायर बघा.

रोलर. रबर दगडासारखं कडक झालेलं, आणि वर्षानुवर्षं दाबात ठेवल्यामुळे एका बाजूने सपाट. सांवेर रोडला प्रिंटिंग प्रेसचे रोलर चढवून देणारे आहेत, तिथे नेले. ते जुनं रबर लेथवर सोलतात, आतला लोखंडी रॉड घासून स्वच्छ करतात, त्यावर कच्च्या रबराच्या पट्ट्या गुंडाळतात, वाफेच्या भट्टीत पिकवतात आणि मग पुन्हा घासून मापात आणतात. मी ३५-४० शोअरचं (शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप) मऊ रबर मागितलं, म्हणजे बटण आलं तर रोलर दबतो, बटण फुटत नाही. दोन्ही मिळून ४२०० रुपये लागले आणि काम इतकं सुरेख केलंय की रोलरवरून बोट फिरवत राहावंसं वाटतं. तिथल्या पोराने विचारलं कोणत्या प्रेसचे आहेत, कपड्यांचे म्हटल्यावर मालकाला बोलावून आणलं, दोघांनी फोटो मागितले मशीनचे. टोकांचे बुश, म्हणजे रॉड ज्यात फिरतो त्या कड्या, झिजले होते ते गनमेटलचे नवीन करून घेतले.

अ‍ॅजिटेटर दांड्यावर घट्ट बसला होता, ह्या मशिनींचा हा नेहमीचाच रोग. हातोडी मारायची नाही. गरम पाणी भरून ठेवायचं, गंज सोडवायचं तेल वरून टाकायचं, दोन्ही बाजूंनी समान ओढायचं, परत तेच, धीर धरायचा. निघाला तेव्हा खाली काकूंच्या तांदळाचे दाणे निघाले. गिअरबॉक्स उघडला तर तेल डांबरासारखं पण गिअरचे दात नव्यासारखे, फक्त धुवून नवीन तेल भरलं. मधल्या दांड्याचं सील मात्र बदलावंच लागतं, नाहीतर साबणाचं पाणी गिअरबॉक्समध्ये जातं आणि मग खेळ खलास. सील अमेरिकेतून मागवलं, सील स्वस्त आणि कुरिअर-कस्टम महाग.

टब साफ करताना एक गोष्ट कळकळीने सांगते, कॉस्टिक सोडा लावू नका. अ‍ॅल्युमिनियम सोड्यात विरघळतं, टब काळा पडतो आणि खड्डे पडतात. धुण्याचा सोडासुद्धा नकोच. आम्ही चिंचेच्या कोळाने आणि मऊ ब्रशने घासला, पितळेची भांडी घासतो तसाच, सुंदर निघाला.

सगळं धरून खर्च २६ हजारांच्या आसपास गेला, मशीनचे ५ हजार धरून.

आता कपडे कसे निघतात. उत्तम. खरंच उत्तम. शर्टाच्या कॉलर, उशांचे अभ्रे, मुलाचे क्रिकेटचे पांढरे कपडे, दहा मिनिटांत निघतात, आणि मधेच झाकण उघडून बघता येतं की मळ निघाला का. पद्धत अशी की टबात एकदाच ६०-६५ लिटर गरम पाणी आणि साबण, पहिला घाणा पांढऱ्यांचा, ते रोलरमधून काढले की त्याच पाण्यात फिके रंग, मग गडद, शेवटी पायपुसणी आणि फडकी. शेजारी दोन घंगाळी खळबळायला, चाळीस-चाळीस लिटरची. रोलर खांबावर फिरतो, म्हणजे टबातून पहिल्या घंगाळ्यात, पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून बादलीत असं फिरवून लावत जायचं. चार घाण्यांना मिळून दीडशे लिटरच्या आत काम होतं, आमची जुनी टॉप लोड एका घाण्याला शंभराच्या पुढे घ्यायची. आणि शेवटच्या घंगाळ्याचं पाणी अंगण धुवायला. ज्या दिवशी नळ येतो त्याच दिवशी धुणं हा नियम आता आमच्या घरातून गेला, टाकीत पाणी उरतं.

दुसऱ्या घंगाळ्यात नीळ टाकली की पांढऱ्यांना एकसारखी बसते, आणि खळ करायची असेल तर ह्याच्यासारखं काही नाही, रोलरमधून जाताना खळ सगळीकडे सारखी पसरते, आईच्या सुती साड्या तिला खूप वर्षांनी मनासारख्या कडक मिळाल्या. नंतर रोलर ओल्या फडक्याने पुसायचे मात्र, खळ चिकटते.

जे कमी पडतं तेही सांगते. नव्या मशीनच्या स्पिनइतकं पाणी ह्यातून निघत नाही. सोलापुरी चादर चौपदरी करून घातली तर निम्मी ओलीच येते, दुपदरी करून दोनदा काढावी लागते. जीन्सच्या कमरेजवळ पाणी राहतं. पावसाळ्यात हे जाणवतं. रेशमी, जरीचं, खड्यांचं काही ह्यात घालू नका. बटणं आत घडी करून घाला, चेन बंद करून. आणि मुख्य म्हणजे समोर उभं राहावं लागतं, दीड-दोन तास. मला ते आवडतं, आईला पण, ती स्टूल घेऊन बसते आणि कपडे हातात देते. ज्यांना बटण दाबून ऑफिसला जायचंय त्यांच्यासाठी ही नाही.

आणि धोका. हे मी हळू आवाजात नाही सांगणार. दोन फिरते रोलर बोट ओढतात, बोटामागे हात, आणि मशीनला कळत नाही. ह्या मशिनींच्या काळात अमेरिकेत मुलांचे हात थेट काखेपर्यंत आत गेल्याच्या जखमा इतक्या व्हायच्या की डॉक्टरांच्या लिखाणात तिला वेगळं नावच पडलं होतं. म्हणून वर एक आडवी पट्टी असते, ती दाबली की रोलरचा दाब एकदम सुटतो. दुरुस्तीत सगळ्यात आधी ती पट्टी चालते का बघा, ती चालत नसेल तोपर्यंत पॉवर देऊ नका. पदर खोचून, ओढणी काढून, केस बांधून, मंगळसूत्र आत टाकून, बांगड्या सैल असतील तर उतरवून. कपडा टोकाने सोडायचा, रोलरजवळ बोट न्यायचं नाही, अडकला तर ओढायचा नाही, पट्टी दाबायची. लहान मुलं आसपास असताना आमच्याकडे मशीन चालूच करत नाही. काम झालं की प्लग काढून, रोलरचा दाब सोडून ठेवायचा, म्हणजे रबर परत सपाट होत नाही.

माझ्याकडून ५ पैकी ४, एक तारा वाळवण्याचा वेळ आणि जागा लागते त्याचा गेला. कमीत कमी मोरीला लागून चार फूट मोकळी जागा आणि उताराची फरशी हवी, फ्लॅटच्या बाल्कनीत नाही जमणार.

इंदूर, महू, उज्जैन इकडे जुन्या बंगल्यांत अशी मशीन दिसली तर घेण्याआधी तीन गोष्टी बघा: टबाला तडा नाही ना, अ‍ॅजिटेटर हाताने थोडा तरी हलतो का, आणि रोलरच्या डोक्यावरची ती सुटणारी पट्टी शाबूत आहे का. रबर, वायर, मोटर सगळं इथे होतं. टब आणि ती पट्टी इथे होत नाही. आणि खालच्या प्लेटवरच्या मॉडेलच्या अक्षराचा फोटो काढून ठेवा, सील मागवताना तेच विचारतात.