७५० रुपयांचा मल्टिमीटर, बंद पडणारा स्टिरिओ आणि वेंगुर्ल्याची खारी हवा

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या जुन्या हॅचबॅक गाडीच्या स्टिरिओने असे रंग दाखवायला सुरुवात केली की, रात्री हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावले आणि रस्त्यात खड्डा आला, की तो बंद पडायचा व पुन्हा कंपनीचे नाव झळकवत सुरू व्हायचा. त्यातच गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची आणि सेल्फ लागायचा नाही. शेजारच्या तालुक्यातील एका दुकानात दाखवल्यावर त्यांनी स्टिरिओला हातही न लावता ‘टेप गेला आहे, बॅटरीही बदलून टाका’ असे सांगून दोन्हींचा मिळून अकरा हजारांचा अंदाज दिला. तो ऐकून परत येताना बाजारातील हार्डवेअरच्या दुकानातून मी ७५० रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, करंट आणि वायरीतला अडथळा मोजणारे यंत्र, घेतला. त्याच्यासोबत काढलेल्या दोन रविवारांच्या आधारे हा अभिप्राय लिहीत आहे.

मीटर साध्यातला साधा आहे. मधोमध नॉब, खाली तीन छिद्रे, लाल आणि काळी वायर, आत नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. रेंज स्वतः निवडावी लागते. गाडीसाठी डीसी व्होल्टची २० ची रेंज पुरते आणि तिच्यात ०.०१ व्होल्टपर्यंत फरक दिसतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसावी, १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी उतरलेली, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारे वीज बनवणारे यंत्र) बॅटरी चार्ज करतो आहे, एवढे तीन आकडे लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होते. माझ्या बॅटरीवर इंजिन चालू, दिवे आणि ब्लोअर चालू असताना १३.९ होते. म्हणजे अल्टरनेटर ठीक होता.

मग स्टिरिओ बाहेर ओढून त्याच्या मागच्या कपलरमध्ये (वायरींच्या जोडणीच्या प्लगमध्ये) मीटरच्या पिना खुपसल्या. पिवळी वायर कायम सप्लायची, लाल वायर किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या सप्लायची आणि काळी अर्थची, म्हणजे बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे परतणाऱ्या वाटेची, ही बाजारातील बहुतेक स्टिरिओंची रीत आहे. (गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग वेगळे असू शकतात, म्हणून रंगावर विश्वास ठेवण्याआधी मोजलेले बरे.) पिवळी आणि काळी यांच्यात भरले ११.२ व्होल्ट. बॅटरीवर १३.९ आणि इथे ११.२, म्हणजे वाटेत २.७ व्होल्ट कुठेतरी गळत होते, आणि खड्ड्यात हिसका बसला की आणखी गळून स्टिरिओ मान टाकत होता.

इथे या मीटरने, किंबहुना माझ्या अज्ञानाने, मला अर्धा दिवस फसवले. अर्थ तपासायचा म्हणून मी नॉब बझरवर (दोन पिनांमध्ये वाट जोडलेली असली की वाजणाऱ्या खुणेवर) नेला, एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी बॉडीवर ठेवली, तर मीटर आनंदाने ‘पीं’ वाजला. अर्थ चांगला आहे असे धरून मी निष्कारण डॅशबोर्ड उकलत बसलो. बझर कित्येक ओहमांपर्यंतचा अडथळा असला तरी वाजतो. वीस अँपिअरच्या वाटेवर मात्र एका ओहमाचा आठवा हिस्सासुद्धा अडीच व्होल्ट खातो, आणि एवढा बारीक अडथळा ओहमच्या रेंजवर मोजावा म्हटले तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त भरतो. त्यामुळे अर्थ तपासायचा तो भार चालू ठेवून, व्होल्टवर. दिवे आणि ब्लोअर लावून एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरी बॉडीच्या कोऱ्या पत्र्यावर ठेवली, तेव्हा शून्याच्या जवळपास असायला हवे तिथे २.३ व्होल्ट दिसले.

दोष सापडला तो बॅटरीच्या ट्रेखाली, मायनसची जाड वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे. वरून बोल्ट नवाकोरा वाटत होता, पण हात लावला तर चांगला गरम लागला. चाळीस-पंचेचाळीस वॉट तिथे नुसते उष्णतेत जात होते, मग लागणारच. दहा नंबरच्या पान्याने तो सोडवला तेव्हा वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली तांबूस गंजाचा पापुद्रा आणि त्यावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड निघाली. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि पत्रा, तांबे व कथील एकत्र असलेल्या सांध्यात गंज झपाट्याने चढतो. आमच्याकडे खिडक्यांच्या कड्यांचे जे होते तेच इथे आडोशाला झाले होते. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत घासल्या, बोल्ट बदलला, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजले तर ०.०६. हेडलाइटही उजळले, ते पिवळे पडले होते ते बल्ब जुने झाल्यामुळे, असे मी इतके दिवस समजत होतो.

बॅटरी उतरण्याचे कारण मात्र वेगळे निघाले. त्यासाठी मायनसचा क्लॅम्प काढून मीटर त्या वाटेत, अँपिअरच्या रेंजवर जोडावा लागतो. दरवाजाचे कुलूप पेचकसाने मिटवून गाडीला दार बंद असल्याचे भासवायचे आणि आतल्या यंत्रणा झोपी जाण्यासाठी तीस-चाळीस मिनिटे थांबायचे. मीटर जोडलेला असेतोवर किल्लीला हात लावायचा नाही, कारण सेल्फचा करंट मीटर जाळून टाकील. उभ्या गाडीने साधारण ०.०५ अँपिअरपेक्षा कमी घ्यावे, माझी ०.३१ घेत होती. दिवसाला साडेसात अँपिअर-अवर, म्हणजे माझ्या ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीचा तीन दिवसांत निम्म्याहून अधिक जीव. एकेक फ्यूज उपसत गेलो आणि सीटखालच्या अँप्लिफायरचा फ्यूज काढताच आकडा ०.०४ वर आला. बसवणाऱ्याने अँप्लिफायर जागा करणारी वायर स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरीला जोडण्याऐवजी थेट पिवळीला पिळून चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि निळी-पांढरी बिचारी डॅशबोर्डमागे लोंबकळत होती. योग्य जागी डाग देऊन जोडल्यावर अँप्लिफायर आता किल्लीबरोबर झोपतो.

आता मीटरच्या उणिवा. सर्वांत मोठी म्हणजे १० अँपिअरच्या छिद्राला आत फ्यूजच नाही. तसे छिद्राशेजारी बारीक अक्षरांत छापले आहे, आणि मोठा करंट दहा सेकंदांहून अधिक मोजू नये हेही. ०.३१ अँपिअरला त्याने काही बिघडत नाही, पण मोजमाप झाल्यावर लाल वायर त्याच छिद्रात विसरून मी बॅटरीचे व्होल्ट पाहायला गेलो, आणि फाटकन ठिणगी उडून पिनेचे टोक काळे पडले. चूक माझी, तरी फ्यूज असता तर चूक स्वस्तात पडली असती. दुसरीकडे २०० मिलिअँपिअरच्या छिद्राला फ्यूज आहे, पण माझ्यासारखी ०.३१ ची गळती त्याच्या मर्यादेबाहेरची आहे. वायरी आखूड आणि ताठर आहेत. बॉनेटपासून डॅशबोर्डपर्यंत पोचत नाहीत, म्हणून मी १५० रुपयांच्या क्रोकोडाइल क्लिप लावलेल्या वायरी वेगळ्या घेतल्या. पडद्याला दिवा नाही. आपोआप बंद होण्याची सोयही नाही, त्यामुळे बॅटरी कोण खाते ते शोधता शोधता पहिल्याच रात्री मीटरचा स्वतःचा सेल उतरला.

घरच्या गाडीसाठी मी हा मीटर पुन्हा घेईन. दोनशे-तीनशे रुपये अधिक घालून १० अँपिअरला फ्यूज असलेला मिळाला तर तोच घ्यावा. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या कपलरमध्ये मात्र कोणत्याही मीटरच्या पिना घालू नयेत. ते एअरबॅगचे असतात. आणि बॅटरी सोडवण्यापूर्वी, कंपनीने बसवलेला स्टिरिओ असेल तर तो पुन्हा सुरू करण्यासाठी कोड लागतो का, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे.

स्टिरिओ आता व्यवस्थित वाजतो. आंबोलीचा घाट चढताना एफएम अजूनही खरखरतो, पण तिथे डोंगरच आडवा येतो. समुद्राच्या बाजूला परत उतरलो की स्टेशन आपोआप लागते.